हौशी ड्रोन आणि सारखे बदलणारे नियम : आता सुरुवात करावी का?

घिरट्या
मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून शेवटी धागा काढतोय. मला ड्रोन उडवायचाय. शूटिंगच्या ऑर्डरी, सर्व्हे, फवारणी यातलं काही करायचं नाहीये, निव्वळ हौस. पण नियम वाचायला बसलो की गरगरायला होतं. ऑक्टोबर २०१४ मध्ये डीजीसीएने (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने) नोटीस काढून नागरी ड्रोन उडवणं थांबवलं, मग डिसेंबर २०१८ पासून 'परवानगी नाही तर उड्डाण नाही'वाली व्यवस्था आली, मार्च २०२१ मध्ये नवे नियम, ते कुणाला नीट कळायच्या आत ऑगस्ट २०२१ मध्ये ते मोडीत काढून पुन्हा नवे, फेब्रुवारी २०२२ मध्ये तयार परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये अख्ख्या नव्या कायद्याचाच मसुदा. आज पैसे घालून घेतलेलं यंत्र उद्या कपाटात ठेवावं लागणार असेल तर या छंदात पडावं का? आणि पडायचं ठरवलं तर सुरुवात कुठून करावी? जे प्रत्यक्ष उडवतात त्यांनी सांगा, भारतातले असोत की बाहेरचे.

सुकाणू
जरूर पडा. बाकीचं मागून बोलू.

बाल्सा
धागा बघून राहवलं नाही म्हणून सविस्तर लिहितो. मी आरसी, म्हणजे रिमोटवर उडणाऱ्या छोट्या विमानांवाला, बाल्साचं लाकूड कापून पंख बनवायचे, वर फिल्म इस्त्रीने चिकटवायची, नायट्रोचं इंजिन बसवायचं त्या काळापासूनचा. तेव्हा आम्हाला कुठल्याही खात्याने काही विचारलेलं आठवत नाही, पण याचा अर्थ आम्ही बिननियमाचे होतो असा कुणी घेऊ नये. मैदानावर एक फळी असायची, तिच्यावर प्रत्येक चॅनेलच्या नावाचा एक चिमटा. तो चिमटा आपल्या अँटेनाला लावल्याशिवाय ट्रान्समीटर चालू करायचा नाही, कारण दोघांचे क्रिस्टल एकाच चॅनेलचे निघाले तर वरचं विमान गेलंच समजा. माणसांच्या डोक्यावरून उडवायचं नाही, उडवणारे सगळे एका रेषेत उभे राहणार, विमान त्या रेषेच्या मागे न्यायचं नाही. नवख्याच्या शेजारी जुना माणूस उभा राहायचा आणि तो हो म्हणेपर्यंत एकट्याच्या हातात स्टिक मिळायची नाही.

मग जायरो आले, जीपीएस आलं, बोट काढलं तरी यंत्र जागच्या जागी तरंगायला लागलं. उत्तमच झालं, पण जी गोष्ट शिकायला एक हंगाम लागायचा ती दहा मिनिटांवर आली आणि त्या हंगामात जे संस्कार आपोआप व्हायचे ते राहून गेले. सरकारं जागी झाली ती यामुळे. माझी तक्रार एवढीच की नियम लिहिणाऱ्यांसमोर खोक्यातून काढून उडवायचं यंत्र असतं आणि स्वतः बांधणारा माणूस त्यांच्या हिशोबातच नसतो. २०१८ च्या व्यवस्थेचंच बघा, यंत्राने सर्व्हरकडून डिजिटल परवानगी घेतल्याशिवाय मोटर फिरायची नाही म्हणे. माझ्या लाकडी विमानात रिसीव्हर, चार सर्व्हो आणि बॅटरी, बास. ते बिचारं परवानगी घेणार कशाने?

अनुच्छेद
बाल्साकाका, तुमची अडचण निदान कागदावर तरी सुटलीय, ती आधी सांगतो. ऑगस्ट २०२१ च्या ड्रोन रूल्समध्ये मॉडेल म्हणून वेगळी व्याख्या आहे. एकूण वजन २५ किलोपर्यंत, वापर फक्त शिक्षण, संशोधन, डिझाइन, चाचणी किंवा मनोरंजनासाठी, आणि उडवायचं नजरेच्या टप्प्यात. या मॉडेलला आणि २५० ग्रॅमपर्यंतच्या नॅनोला टाइप सर्टिफिकेट (त्या बनावटीच्या यंत्राला तपासून दिलेली मान्यता) लागत नाही. नॅनोला, आणि बिगर-व्यावसायिक वापर असेल तर २ किलोपर्यंतच्या मायक्रोला पायलटचं सर्टिफिकेटही लागत नाही. ते परवानगीशिवाय उड्डाण नाहीवालं प्रकरण 'पुढे कधी अधिसूचित करू, तेव्हा किमान सहा महिने मुदत देऊ' या खात्यात गेलं. भरायच्या अर्जांचे प्रकार २५ वरून ५ वर आले. दंडाची कमाल मर्यादा १ लाख.

घिरट्या, एक घोळ खूप जण करतात म्हणून सांगतो, पायलट सर्टिफिकेट नको म्हणजे ड्रोनची नोंदणीही नको असं समजू नका. ती वेगळी बाब आहे, वेगळ्या नियमात आहे. आणि ग्रीन झोनमध्ये (नकाशावरच्या हिरव्या भागात) ४०० फुटांपर्यंत आधी परवानगी लागत नाही, पण विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किमीच्या पट्ट्यात ती मर्यादा २०० फूट होते. निघण्यापूर्वी दर वेळी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा उघडा, मागच्या वेळी हिरवं होतं म्हणून आजही असेल असं धरून चालू नका. त्याशिवाय पोलिसांचे मनाई आदेश निघतात, बीएनएसएस (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम १६३ खाली, ते वेगळेच बघावे लागतात.

मोटरमन
हेच तर रडगाणं आहे ना. नकाशा हिरवा, पोलीस आदेश लाल, आणि मैदानावर आलेल्या हवालदाराला दोन्हीतलं काही माहीत नाही. मला एकदा उठवलंय असं. नकाशा दाखवला, नियमाची प्रिंट दाखवली, तो म्हणाला ते सगळं बरोबर असेल पण तुम्ही आता आवरा. आवरलं. वाद घालून करणार काय, ड्रोन त्याच्या हातात होता.

अनुच्छेद
@मोटरमन, म्हणूनच म्हणतो, नवीन जागा असेल तर आदल्या दिवशी पोलीस ठाण्यात साधं पत्र देऊन पोच घ्या. नियमात प्रत्येक ठिकाणी लागतंच असं नाही, पण समोरच्याला शिक्का दिसला की बोलणं सोपं होतं.

क्षितिज_०९
जरा दुसऱ्या बाजूने. मी हेलिकॉप्टर चालवतो, पोटापाण्यासाठी. इथे सगळे 'सरकार छळतं' या सुरात जायच्या आत सांगतो की ४०० फूट हा आकडा हवेतून पडलेला नाही. गर्दीच्या वस्तीबाहेर विमानांनी साधारण ५०० फुटांच्या खाली येऊ नये असा जगभर संकेत आहे, मध्ये १०० फूट मोकळे राहावेत म्हणून ड्रोनला ४०० (युरोपात १२० मीटर, तेच ते). पण हेलिकॉप्टर या हिशोबात बसत नाही. रुग्ण उचलायचा असेल, पुरात माणसं काढायची असतील तर आम्ही ५० फुटांवरही असतो. आणि कॉकपिटमधून ड्रोन दिसत नाही हो. खालून तुम्हाला निळ्या आभाळात ठिपका दिसतो, वरून आम्हाला झाडं, घरं, रस्ते यांच्या पार्श्वभूमीवर राखाडी रंगाची हाताएवढी वस्तू शोधायची असते.

जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसच्या वणव्यात पाणी टाकणाऱ्या विमानाला एक खाजगी ड्रोन धडकला. पंखाला साधारण ३ बाय ६ इंचाचं भोक पडलं आणि ऐन आगीत ते विमान दुरुस्तीसाठी खाली बसलं. उडवणारा कुणी दहशतवादी नव्हता, आगीने झालेलं नुकसान बघायला ड्रोन पाठवलेला साधा माणूस होता. त्याने तो अडीच किलोमीटरपेक्षा लांब नेला आणि मग ड्रोन त्याच्या नजरेतून गेला.

सुकाणू
क्षितिज, शंभर टक्के मान्य. पण तिथे वणव्यामुळे उड्डाणबंदी आधीच लागू होती ना? म्हणजे नियम होता, पाळला नाही. त्यावर आणखी एक नियम केल्याने काय होतं, जो पाळतो त्याच्या डोक्यावर एक कागद वाढतो.

क्षितिज_०९
@सुकाणू, लागू होती, बरोबर. म्हणून मला कागदापेक्षा शिकवणं जास्त महत्त्वाचं वाटतं. अमेरिकेत हौशी उडवणाऱ्यांसाठी २०२१ पासून ट्रस्ट नावाची फुकट ऑनलाइन परीक्षा आहे, चुकलेलं उत्तर तिथल्या तिथे सुधारून घेतात, नापास कुणाला करत नाहीत. लोक म्हणतात मग उपयोग काय. मी म्हणतो निदान एकदा तरी त्या माणसाने वाचलं ना, की मानवी विमान दिसलं की आपण खाली यायचं.

अटलांटिकपार
अमेरिकेतून लिहितेय. इथली कथाही कमी नागमोडी नाही. २०१२ च्या कायद्यात संसदेने एफएएला (इथल्या विमान वाहतूक खात्याला) स्पष्ट सांगितलं होतं की छंद म्हणून उडवल्या जाणाऱ्या मॉडेल विमानांसाठी नवे नियम करायचे नाहीत. तरी डिसेंबर २०१५ मध्ये २५० ग्रॅमच्या वरच्या सगळ्यांना नोंदणी सक्तीची केली. एक हौशी माणूस कोर्टात गेला आणि मे २०१७ मध्ये जिंकला! सात महिन्यांत, डिसेंबर २०१७ ला, संरक्षण खर्चाच्या कायद्यात एक कलम घालून नोंदणी परत आणली. २०१८ मध्ये ते २०१२ चं संरक्षणही काढून टाकलं. मग रिमोट आयडी आलं (ड्रोनने उडताना आपली ओळख प्रसारित करत राहायची), १६ सप्टेंबर २०२३ ही तारीख, पण त्याची मॉड्यूल बाजारात मिळेनात म्हणून मार्च २०२४ पर्यंत सवलत. आणि डिसेंबर २०२५ मध्ये एफसीसीने (दूरसंचार नियामकाने) परदेशी बनावटीच्या नव्या ड्रोन मॉडेलांना दारच बंद केलं, आधी मंजूर झालेली वापरता येतात.

तरी मी उडवते. नोंदणीला पाच मिनिटं लागली, एकच नंबर सगळ्या ड्रोनवर चिकटवायचा. मला खरा त्रास एकाच गोष्टीचा आहे, रिमोट आयडी. त्यावर वेगळं लिहीन.

पंख_१२
२५० ग्रॅम २५० ग्रॅम सगळीकडे ऐकतो. हा आकडा आला कुठून? कुणी सांगेल का.

गतिज
@पंख_१२, माझा आवडता विषय! २०१५ मध्ये अमेरिकेत नोंदणीसाठी जो गट नेमला होता त्यांनी असा विचार केला : वरून वस्तू डोक्यात पडली तर किती ऊर्जेला जीव जायची शक्यता लक्षणीय होते? त्यांनी ८० ज्यूल घेतले, तेवढ्याला साधारण ३०% शक्यता असं धरून. छोटा ड्रोन बंद पडून खाली येताना हवेच्या अडथळ्यामुळे त्याचा वेग सेकंदाला २५ मीटरच्या आसपास स्थिरावतो असं मानलं. आता अर्धा गुणिले वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, मांडा कागदावर, २५६ ग्रॅम येतात. गोल करून २५०. म्हणजे हा डोक्यावर पडण्याचा हिशोब आहे, विमानाला धडकण्याचा नाही. विमानाच्या बाबतीत वेग विमानाचा असतो आणि महत्त्वाचं ठरतं ते बॅटरी आणि मोटरचं घट्ट वजन.

आणि कंपन्यांनी काय केलं, २०१९ मध्ये मॅविक मिनी हा ड्रोन बरोब्बर २४९ ग्रॅमचा काढला. जपानात तेव्हा मर्यादा २०० ग्रॅम होती तर तिथे छोटी बॅटरी घालून १९९ चा. जपानने जून २०२२ मध्ये मर्यादा १०० ग्रॅमवर आणली. ब्रिटननेही १ जानेवारी २०२६ पासून फ्लायर आयडी (उडवणाऱ्याने परीक्षा देऊन घ्यायचा नंबर) १०० ग्रॅमपासून लावला. त्यामुळे घिरट्या, '२४९ चा घेतला की सुटलो' या भरवशावर राहू नका, ही रेघ खाली खाली सरकतेय.

मोटरमन
२४९ च्या ड्रोनला प्रॉपगार्ड (पंख्यांभोवतीचं संरक्षक कडं) लावलं किंवा मोठी बॅटरी घातली की तो २५० च्या वर गेला, हेही लिहा कुणीतरी. नियम एकूण उड्डाणवजनाचा असतो, खोक्यावर छापलेल्या आकड्याचा नाही. उडवताना जे जे लावता ते सगळं लावून स्वयंपाकघरातल्या काट्यावर एकदा ठेवा.

अटलांटिकपार
रिमोट आयडीबद्दल म्हणाले होते. ड्रोन सतत ब्रॉडकास्ट करतो, त्याचा क्रमांक, जागा, उंची, वेग आणि *मी जिथे उभी आहे ती जागा*. नाव जात नाही, पण एखादं अ‍ॅप टाकलं की आसपासच्या कुणालाही माझा ठिपका नकाशावर दिसतो. पोलिसांना दिसू द्या, विमानवाल्यांना दिसू द्या, माझी काडीची हरकत नाही. पण मी पहाटे एकटी मोकळ्या माळावर असते, नजर वर, हातात रिमोट, कान पंख्यांच्या आवाजाकडे. अशा वेळी कुणीही अनोळखी माणूस थेट माझ्यापर्यंत चालत येऊ शकतो ही सोय कुणासाठी केलीय? गाडीची नंबरप्लेट सगळ्यांना दिसते पण त्यावरून मालकाला पोलीसच शोधू शकतात, इथे उलटं आहे. हा मुद्दा सूचना मागवल्या तेव्हाही अनेकांनी मांडला होता. आता मी कुणाला तरी बरोबर घेतल्याशिवाय जात नाही, म्हणजे उडवणं निम्म्यावर आलं.

बाल्सा
ताई, हे मला माहीतच नव्हतं. अगदी रास्त तक्रार.

क्षितिज_०९
@अटलांटिकपार, मान्य. आम्हाला खरं तर ड्रोन कुठे आहे ते हवं असतं, पायलट कुठे आहे ते तपास यंत्रणेला. दोन्ही एकाच उघड्या संदेशात कोंबलंय.

राइनकाठ
जर्मनीतून. युरोपात ३१ डिसेंबर २०२० पासून सगळ्या देशांना एकच नियम लागू झाले. आधी प्रत्येक देशाचं वेगळं होतं, सीमेपलीकडे ट्रिपला जाताना ड्रोन घरी ठेवलेला बरा वाटायचा. आता एकदा नोंदणी केली की सगळीकडे चालते. तुमचा प्रश्न होता ना की आज घेतलेलं उद्या बाद होईल का, त्याचं इथलं उदाहरण देतो. १ जानेवारी २०२४ पासून सी-० ते सी-४ असे वर्गाचे शिक्के आले. बिनशिक्क्याचे जुने ड्रोन बाद नाही केले पण २५० ग्रॅमच्या वरच्यांना ए-३ मध्ये ढकललं, म्हणजे वस्तीपासून १५० मीटर लांब उडवा. माझा जुना पाऊण किलोचा ड्रोन अजून धडधाकट आहे, फक्त आता त्याच्यासाठी गाडी काढून लांब जावं लागतं. यंत्र कपाटात गेलं नाही, जागा आकसली.

चांगलंही सांगतो. त्याच नियमात अनुच्छेद १६ आहे, त्याखाली मॉडेल क्लबांना आपापल्या जुन्या पद्धतीनुसार उडवायची वेगळी परवानगी मिळते. क्लबच्या मैदानावर बाल्साकाकांसारख्यांना कुठलाही शिक्का लागत नाही.

अटलांटिकपार
आमच्याकडे फ्रिआ, ठरवून दिलेलं मैदान, तिथे रिमोट आयडीशिवाय उडवता येतं. तेच सूत्र.

पाच_इंची
एफपीव्हीवाल्यांबद्दल (ड्रोनच्या कॅमेऱ्यातलं दृश्य गॉगलमध्ये बघून उडवणारे आम्ही) कुणी बोललंच नाही :) आमची पंचाईत वेगळी. गॉगल लावला की ड्रोन 'नजरेच्या टप्प्यात' कसा? बहुतेक देशांचं उत्तर, शेजारी उघड्या डोळ्यांचा निरीक्षक उभा करा. कटकट वाटेल पण मी कधीच निरीक्षकाशिवाय उडवत नाही आणि ते नियमासाठी नाही. गॉगलमध्ये समोरचं दिसतं, बाजूने गुरं घेऊन येणारा मुलगा दिसत नाही. माझा मित्र ओरडतो "माणूस, डावीकडे!" की मी डिसआर्म करतो, म्हणजे मोटर बंद, पडला तर पडला, फ्रेम बदलता येते.

दुसरं म्हणजे आम्ही सगळं सुटं घेऊन बांधतो. फ्रेम, चार मोटर, ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट), फ्लाइट कंट्रोलर. २०२२ ची बंदी तयार ड्रोनवर आणि जुळवणीच्या किटवर आहे, सुट्या भागांवर नाही. त्यामुळे खरं सांगायचं तर भारतात हौशीला बांधून उडवणं हाच आज सर्वात सरळ रस्ता आहे.

सुकाणू
पण २०२५ चा मसुदा तसाच्या तसा आला तर? त्यात टाइप सर्टिफिकेट, नोंदणी, विमा सगळं सक्तीचं म्हटलंय. टेबलावर सोल्डर केलेल्या एकुलत्या एक ड्रोनचं टाइप सर्टिफिकेट कोण काढणार?

अनुच्छेद
मसुदा आहे तो. सवलती देण्याचा अधिकार सरकार अशा कायद्यात हातात ठेवतं, खरी लढाई तिथे आहे. सूचना मागवल्या तेव्हा कंपन्यांनी पानंच्या पानं पाठवली असणार, त्यांच्याकडे वकील असतात. हौशींपैकी किती जणांनी एक ईमेल तरी टाकला? मार्च २०२१ चे नियम पाच महिन्यांत बदलले ते लोकांनी आरडाओरडा केला म्हणूनच, हे विसरू नका. मागणीही साधी आहे, 'मॉडेल'ची २०२१ ची व्याख्या नव्या कायद्यात आहे तशी ठेवा आणि क्लबांच्या ठरलेल्या मैदानांना मान्यता द्या. युरोप आणि अमेरिका दोघांनी केलंय, नवीन काही मागत नाही आपण.

बाल्सा
मसुदा लिहून दे बाबा, मी जुन्या क्लबातल्या सगळ्यांच्या सह्या आणतो. खरंच सांगतोय.

अनुच्छेद
काका, रविवारपर्यंत व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

डोंगरवाट
थोडं अवांतर पण उपयोगाचं. रिमोटवर दिसणारी उंची ही तुम्ही जिथून उडवलं तिथपासूनची असते, खालच्या जमिनीपासूनची नाही. कड्यावर उभं राहून ड्रोन दरीवर नेला की स्क्रीनवर ५० मीटर दिसतात आणि प्रत्यक्षात दरीच्या तळापासून तो ३०० मीटरवर असतो, म्हणजे नियमाबाहेर आणि हेलिकॉप्टरच्या वाटेत. उलट पायथ्यापासून उतार चढत गेलात तर स्क्रीन १२० म्हणते आणि झाडाचा शेंडा समोर येतो. डोंगरात उडवणाऱ्यांनी उताराबरोबर उंची बदलत राहायची सवय लावून घ्या.

क्षितिज_०९
@डोंगरवाट, धन्यवाद, हे प्रत्येक खोक्यावर छापायला हवं.

घिरट्या
एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं, सगळे दोनदा वाचले. मूळ प्रश्नाकडे येतो. पाच_इंची म्हणतात तसं बांधूनच सुरू करावं असं वाटायला लागलंय. पण एकदम पाच इंची पंख्यांचा नको, भीती वाटते. क्रम काय ठेवू?

पाच_इंची
भीती वाटते हे उत्तम लक्षण. आधी फक्त रेडिओ, म्हणजे हातातला रिमोट घ्या, तो संगणकाला जोडून सिम्युलेटरवर हात बसवा. नियम कितीही बदलले तरी रेडिओ आणि हात वाया जात नाहीत. मग ६५ मिलिमीटरचा छोटा हूप (पंख्यांभोवती कडं असलेला ड्रोन), बॅटरीसकट तीसेक ग्रॅम, घरातल्या घरात खुर्च्यांच्या पायांमधून फिरवा, भिंतीला आपटला तरी काही होत नाही. त्यानंतर ३ इंची बांधा, २५० च्या आत आरामात बसतो. पाच इंची क्लबच्या मैदानावर, कुणीतरी जुनं शेजारी असताना. आणि रेडिओ लिंक घेताना बघून घ्या, बाहेरच्या व्हिडिओत ९१५ मेगाहर्ट्झ सांगतात, तो बँड आपल्याकडे खुला नाही, आपल्याकडे ८६५ ते ८६८. नवशिक्याने सरळ २.४ गिगाहर्ट्झ घ्यावा, प्रश्नच मिटला.

घिरट्या
२.४ चा रेडिओ, ठरलं. लायपो बॅटरीच्या चार्जिंगबद्दल काही वेगळी काळजी?

बाल्सा
चार्ज होताना खोली सोडून जायचं नाही, फुगलेला पॅक परत लावायचा नाही, आणि ठेवून द्यायचा असेल तर प्रत्येक सेल ३.८ व्होल्टच्या आसपास आणून ठेवायचा. बाकी रविवारी मैदानावर या, समोर दाखवतो. पत्ता व्यनि केलाय.